टाकी नंबर नऊ

घाटंजी
७ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी, जयभीम.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो अधिकार सध्या माझ्याकडे नाही असं धरते आणि सरळ मजकुरावर येते.

तू माझा नंबर बंद केलास त्याला चौदा महिने होतील. उकंडा दर महिन्याला तुला भेटायला नागपूरला तुझ्या मावशीकडे येतो, म्हणून हे पाकीट त्याच्या पिशवीत टाकते आहे. बहीण आणि लेक यांच्यामध्ये पोस्टमन व्हायची त्याची मुळीच इच्छा नाही. "तिनं फाडून फेकलं त मले इचारू नको," एवढं बोलून त्यानं पाकीट घेतलं.

इकडचं सांगायचं तर मागच्या अंगणातल्या बारा टाक्यांपैकी तीनच चालू आहेत. गप्पी आणि मॉली तेवढे ठेवलेत. गोल्डफिश पुन्हा आणले नाहीत. नऊ नंबरची टाकी कोरडी आहे, तिच्यात पालापाचोळा साचतो. यंदा पाऊस जास्त झाला, सोयाबीन पिवळं पडलं, कापसाच्या जिनिंगमध्ये उकंडाला अजून काम सुरू झालेलं नाही. शाळेमागच्या मैदानावर पोरी कबड्डी खेळतात. तुझ्या जागी आता खुशी चढाई करते. चांगली करते, पण तुझ्यासारखी बोनस रेषेवर पाय टाकून हसत परत येत नाही. भेटली की तुझं विचारते. तू बरी आहेस, एवढं मी सांगते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. खेमसिंग सरांनी मला पाण्याच्या तपासणीचा कागद दिला होता आणि तो तुला दाखवायचा राहून गेला. मी तेव्हाही सगळ्यांसमोर सांगितलं की विसरले. अजूनही तेच सांगते. बासष्ट वर्षांचं डोकं आहे. आणि सर स्वतःच म्हणतात की हा अमीबा नळाच्या पाण्यातही असतो, विहिरीत असतो, मातीत असतो. तुझ्या डोळ्यात तो टाकीतूनच गेला हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे तू लक्षात घ्यावंस.

औषधाच्या वेळा पाळ. उन्हात काळा चष्मा लाव.

तुझी आत्या,
नलू

*

घाटंजी
२८ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी,

उकंडानं तुझे दोन शब्द आणले. तू पत्र वाचलंस, घडी केलीस, "विसरली म्हने" असं म्हणालीस आणि चहा ठेवायला आत गेलीस.

मी विसरले नव्हते.

एवढंच लिहून पाठवावं असं एकदा वाटलं. पण लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्ट मुळापासून लागते. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि दवाखान्यात काय काय झालं ते तू मला ओळीनं सांगायला लावलं होतंस. म्हणून हेही ओळीनं सांगते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नऊ नंबरच्या टाकीतले गोल्डफिश वर येऊन तोंड वासू लागले. पंप चालू होता, पाणी बदललेलं होतं, तरी मासे वरच्या वर. दोन दिवसांत चौदा मेले. कल्ले फिकट, सुजलेले, वर चिकट थर. तू ते लिंबाखाली पुरायला घेतलेस. त्यातले चार मी बाजूला काढले, बर्फात घातले, एका बाटलीत टाकीचं पाणी घेतलं आणि एसटीनं यवतमाळला माझ्या जुन्या कॉलेजात गेले. तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं परिचर होते. काचा धुतल्या, बेडूक आणून दिले, पोरांसाठी सूक्ष्मदर्शक पुसून मांडले. खेमसिंग राठोड तेव्हा विद्यार्थी होते, आता तिथेच शिकवतात. त्यांनी कल्ले खरवडले, पाणी तपासायला लावलं आणि पाच दिवसांनी फोन केला. १६ एप्रिलला मी पुन्हा गेले.

त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि पाहा म्हणाले. दरवर्षी पोरांना अमीबा दाखवायला आम्ही डबकी धुंडाळायचो. नाही सापडला तर तयार स्लाइड लावायचो, त्यातला मेलेला असायचा. इथे माझ्या टाकीतला जिवंत होता. काचेसारखं अंग, एका बाजूनं हळूच पसरायचा आणि बाकीचं अंग त्याच्या मागे ओघळायचं. खरं सांगते, मला आनंद झाला. आपल्या घरी काही तरी शिकण्यासारखं निघालं असं वाटलं.

सर म्हणाले, पाण्यात आणि माशांच्या कल्ल्यांत मिळून तीन-चार जातींचे आहेत. त्यांतल्या काहींनी कल्ले धरलेत, म्हणून मासे मरतात. माणसाला बहुतेक काही करत नाहीत. पण एक जात डोळ्यात गेली, आणि त्यातही लेन्सखाली सापडली, तर बुबुळ खाते. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरी कोणी लेन्स लावतं का. मी सांगितलं, माझी भाची लावते. कबड्डीत चष्मा चालत नाही, म्हणून मीच तिला घेऊन दिल्या.

"मंग तिले लेन्स लावून टाकीपाशी येऊ देऊ नका, बाई," ते म्हणाले. "आजपासूनच."

त्यांनी ते कागदावरही लिहून दिलं. लेन्स लावून पाण्यात हात नाही. गाळ काढायला तोंडानं नळी ओढायची नाही. डोळ्यांवर गॉगल. नऊ नंबरची टाकी रिकामी करून वाळवायची.

एसटीत बसले तेव्हा तो कागद हातात होता आणि घरी गेल्यावर तुला द्यायचा हेच डोक्यात होतं. घरी पोचले तर इंदुताई ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या बचत गटाच्या बावीस बायका ५ मेला आपल्याकडे मासे पाळायचं शिकायला येणार, हे पक्कं करायला आल्या होत्या. गाळ कसा ओढायचा ते तू करून दाखवायचं हे आधीच ठरलेलं होतं. इंदुताई मला मॅडम म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षं मी 'नलूबाई, बीकर आणा' होते, मैत्रेयी. तुला हसू येईल, पण त्या एका शब्दानं कागद पर्समध्येच राहिला.

तुला सांगितलं असतं तर तू उकंडाला सांगितलं असतंस. तो आधीच टाक्यांना म्हातारपणाचं खूळ म्हणायचा. त्यानं बायकांचं येणं रद्द करायला लावलं असतं. म्हणून ठरवलं, ५ मे होऊ दे, मग सांगू. कागद माशांच्या खाद्याच्या डब्याखाली ठेवला. नऊ नंबरची टाकी रिकामी केली, पण वाळवली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टाकीतलं पाणी सोडून भरली, कारण बायकांसमोर रिकामी टाकी बरी दिसली नसती.

५ मे छान झाला. तू तोंडानं नळी ओढलीस, पाणी तुझ्या तोंडावर उडालं, बायका हसल्या, तूही हसलीस. त्या बावीस जणींपैकी एकीचंही नाव मला आज आठवत नाही.

नलू

*

घाटंजी
१२ ऑक्टोबर २०२५

मैत्रेयी,

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी नागपूरला आले होते. आपल्या विहारातल्या बायकांबरोबर दीक्षाभूमीवर गेले. तुझ्या मावशीचं घर तिथून लांब नाही, उकंडानं रस्ता सांगितला होता. मी आले नाही. तू बोलावलं नव्हतंस.

५ मेनंतर का सांगितलं नाहीस, असं तू विचारशील म्हणून लिहिते. वीस दिवस उलटून गेल्यावर सांगायचं म्हणजे आधी का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं. रोज एक दिवस वाढत होता आणि रोज ते जास्त अवघड होत होतं. शिवाय तुला काही झालं नव्हतं. रोज सकाळी साडेसहाला तू मैदानावरून घामाघूम येत होतीस, लेन्स तशाच डोळ्यात, आणि टाक्यांना भिडत होतीस. तुझे डोळे स्वच्छ होते. मी रोज पाहायचे. तू चहा घेताना मी समोर बसून तुझे डोळे पाहायचे, हे तुला कधी कळलं नसेल.

आणखी एक कारण आहे, ते लहान आहे. ती सकाळची वेळ मला हवी होती. तू टाक्यांवर यायची थांबली असतीस तर चहा पिऊन सरळ तुमच्या घरी गेली असतीस. कदाचित नसतीस गेली. पण मी तुला विचारलंच नाही.

२ जूनचं मात्र तुला माहीत नाही. म्हणजे घडलं ते तुला माहीत आहे, मी तिथे होते हे माहीत नाही.

त्या दिवशी वारं होतं, तुझ्या डाव्या डोळ्यात कचरा गेला. तू लेन्स काढलीस. नऊ नंबरच्या टाकीच्या काठावर मगात पाणी होतं, त्याच टाकीतलं. तू लेन्स त्या मगात बुडवलीस, बोटावर घेतलीस आणि परत डोळ्यात घातलीस. मी मोरीच्या दारात उभी होते, पाच-सहा पावलांवर. थांब म्हणायला तोंड उघडलं होतं. पण थांब म्हटलं असतं तर तू, काहून, असं विचारलं असतंस.

मी आत जाऊन चहा ठेवला.

नलू

*

घाटंजी
९ नोव्हेंबर २०२५

मैत्रेयी,

उकंडानं तुझा निरोप दिला. बुबुळ बदलायचं ठरलं, डिसेंबरमध्ये कधीही बोलावतील, आणि डॉक्टरांना पहिल्या दिवसापासूनची माहिती तारखेनं लिहून हवी आहे. तू म्हणालीस, "आत्याले म्हणा, खरं काय ते लिहून दे."

ती माहिती वेगळ्या कागदावर लिहून सोबत दिली आहे. स्वच्छ अक्षरात, खाली सही. खेमसिंग सरांच्या तपासणीची नक्कलही मागून आणली आणि जोडली. सरांनी नक्कल दिली, बस म्हणाले नाहीत. डॉक्टरांना देण्याआधी तू ते वाचशीलच. त्यात १४ जूनचं आहे. ते तू त्यांच्या कागदावर पहिल्यांदा वाचू नयेस म्हणून इथे लिहिते.

९ जूनला तुझा डोळा लाल झाला. दोन दिवस आपण गुलाबपाणी घातलं, मेडिकलमधून थेंब आणले. चौथ्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. तुला दारातला उजेड सोसत नव्हता. डोळ्यात खिळा ठोकल्यासारखं दुखतं म्हणालीस, आणि तू दुखण्याला कुरकुरणारी पोरगी नाहीस. मैदानावर गुडघा फुटला तरी तू खेळ पुरा करून यायचीस. मला तेव्हाच कळलं होतं. खात्री नव्हती, पण कळलं होतं.

१४ जूनला मी तुला यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यावर ओढणी बांधून तू माझा हात धरून चालत होतीस. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि विचारलं की पोहायला गेली होती का, नदीचं, विहिरीचं, साठवलेलं कसलं पाणी डोळ्यात गेलं का. तू तोंड माझ्याकडे वळवलंस.

मी म्हणाले, "नाही डॉक्टर. घरचं नळाचंच पाणी आहे."

डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी नेमकं विचारलं होतं. मी नाही म्हटल्यावर त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी नागिणीच्या विषाणूचं औषध दिलं. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, हे पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं.

मी तसं का म्हणाले? तिथे बाहेर सहा-सात माणसं बसली होती, दार उघडं होतं, त्यात घाटंजीचे भगवानराव होते, ही सगळी कारणं मी मनाशी वर्षभर धरून बसले. खरं कारण एवढंच, की हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. आणि मला वाटलं औषधानं बरा होईल. झाला तर कोणाला काही कळायची गरजच नाही.

बावीस दिवस तू त्या औषधावर होतीस. बावीस दिवस मी तुझ्या डोळ्यात थेंब घातले आणि उद्या उतार पडेल म्हणाले. ६ जुलैला उकंडानं नागपूरला नेलं. आत पेशंटसोबत एकालाच सोडत होते, तो गेला. डॉक्टरांनी तेच विचारलं आणि तो पटकन बोलून गेला की घरी माशांच्या टाक्या आहेत, पोरगी रोज त्यात हात घालते. त्याला कागदाचं काही माहीत नव्हतं. ज्याला काही ठाऊक नव्हतं त्यानं सांगितलं. मी बाहेर बाकड्यावर तुझी चप्पल सांभाळत बसले होते.

त्यांनी बुबुळ खरवडून पाहिलं आणि अमीबा सापडला. जाड कवच करून बसला होता. तशा रूपात त्याला औषध लवकर लागत नाही. डॉक्टर उकंडाला म्हणाले की पहिल्या आठवड्यात आली असती तर बहुधा थेंबांवर निभावलं असतं. उकंडानं ते बाहेर येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हाही मी काही बोलले नाही. जुलैच्या शेवटी खेमसिंग सर तुला पाहायला घरी आले आणि तुझ्यासमोर मला म्हणाले, "बाई, मी तुमाले एप्रिलातच सांगतलं होतं ना?" तेव्हा तुला कळलं. तू त्यांना पाणी दिलंस, ते जाईपर्यंत बसलीस आणि मग पिशवी भरलीस.

टाकीतूनच गेला हे ठामपणे सांगता येत नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते सरांचं म्हणणं आहे, खरं आहे, म्हणून डॉक्टरांच्या कागदावरही लिहिलं आहे. पण ते बावीस दिवस कुठून आले याबद्दल शंका नाही.

शेवटी एक ओळ डॉक्टरांसाठी लिहिली आहे. पेशंटनं कोणतीही माहिती लपवली नाही, तिला बोलायला वेळ मिळाला नाही.

उकंडाला हे सगळं मी काल सांगितलं. तो जेवत होता. ताट तसंच ठेवून उठला. आज सकाळी पाकीट न्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत आला नाही. पण पाकीट नेतो आहे.

नलू

*

घाटंजी
२१ डिसेंबर २०२५

मैत्रेयी,

११ तारखेला तुझी शस्त्रक्रिया होती. मी येऊ नये असं तू उकंडाजवळ सांगितलं होतंस, म्हणून आले नाही. त्या दिवशी बाजार होता. मेथीची जुडी आणली आणि निवडायला बसले, ती संध्याकाळपर्यंत तशीच परातीत होती. पाचच्या सुमारास उकंडाचा फोन आला. सगळं नीट झालं एवढं बोलून त्यानं ठेवला. तेवढं बोलला हेही खूप होतं.

कोणाचं तरी बुबुळ तुला मिळालं. त्या माणसाच्या घरच्यांनी हो म्हटलं असेल तेव्हा त्यांच्या घरी काय चाललं असेल, याचा मी दिवसभर विचार करत होते.

काल दुपारी उकंडाच्या नंबरवरून फोन वाजला. मी, बोल उकंडा, म्हणाले, तर पलीकडून तू बोललीस. इतक्या दिवसांनी तुझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी टाक्यांचा पंप बंद केला.

तू म्हणालीस, बाबा खाली औषध आणायला गेलेत. मग डोळ्याचं सांगितलंस. उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं, चेहरे अजून धुरकट आहेत. टाके वर्षभर राहतील, त्यानंतर किती दिसेल ते ठरेल. कबड्डी नाही, ते डॉक्टरांनी आताच सांगितलं. जपायचं म्हणून नाही, धक्का लागला तर बुबुळ निघेल म्हणून. हे सगळं तू अशा आवाजात सांगितलंस जसं कोणी दुसऱ्याचं सांगतं. मी हो, हो म्हणत राहिले.

मला वाटलं, आता ठेवशील.

"तू लिवून देलेला कागद म्या वाचला," तू म्हणालीस. "खालची ओळ चूक हाय."

कोणती, असं मी विचारलं.

"मले बोलाले येळ भेटला होता, आत्या. डॉक्टरनं इचारलं तवा टाकीचं पाणी रोजच उडते, हे मह्या तोंडात आलं होतं. तू नाही म्हटली. मी बोलली असती त तू डॉक्टरसमोर खोटी पडली असती. म्हून गप राह्यली."

पलीकडे उकंडा आल्याचा आवाज झाला. तू, ठेवते, म्हणालीस आणि फोन ठेवलास.

कालपासून मी तुझं ते वाक्य घेऊन घरात फिरते आहे. दीड वर्ष मी एवढंच धरून होते की मी तुझ्या आधी बोलले. तू काय करत होतीस ते मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांचा कागद तू म्हणतेस तसा चूक आहे, दुरुस्त करून नवीन पाठवते. दुसरं काही मला सुचत नाही. माफीचा शब्द या पाचही पत्रांत मी लिहिला नाही, कारण लिहिला की तुला त्याचं काही तरी करावं लागेल. आधीच तू माझ्यासाठी फार केलंस.

त्या दिवशी तुला दारातला उजेडही सोसत नव्हता. ओढणी सोडून डॉक्टरांनी बॅटरी मारली तेव्हा तू दातावर दात धरून बसली होतीस. आणि त्यांनी प्रश्न विचारल्यावर तू तो डोळा उघडा ठेवून माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, तू उत्तर शोधते आहेस. तू मला विचारत होतीस की सांगू का.

नलू